सोलापुरात गळ टाकायला शिकताना: मरळीचं सामान आणि छोटी होडी

परदेशी व्हिडिओ बघून ज्यांना गळाचं वेड लागतं त्यांना आधी एक सांगावं लागतं, त्या व्हिडिओंतला बास मासा सोलापूर जिल्ह्यात नाही. उजनीत नाही, हिप्परग्याच्या तलावात नाही, सीनेतही नाही. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेचा. त्याचा आजवरचा सगळ्यात वजनदार मासा जॉर्ज पेरीने १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात पकडला होता, २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंच्या आसपास. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. जपानला तो मासा १९२५ मध्ये नेऊन एका सरोवरात सोडला होता. पुढे तो इतका पसरला आणि त्याने तिथले मासे असे खाल्ले की आता तिथे त्याला पाळायला, हलवायला आणि सोडायला कायद्याने बंदी आहे. तेव्हा उत्साहाच्या भरात कुणी ‘आपणही चार पिल्लं मागवून उजनीत सोडू’ म्हणालं तर त्याला तिथेच थांबवा. चिलापी म्हणजे तिलापिया मासाही असाच १९५२ मध्ये बाहेरून भारतात आला. आज उजनीकाठच्या बाजारात चिलापीचे ढीग दिसतात. अलीकडे शोभेच्या टाक्यांतला सकर मासाही जाळ्यात सापडू लागला आहे आणि मच्छीमार त्याला शिव्या घालत काठावर फेकतात. एवढे पाहुणे पुरे आहेत.

तरीही बासचं सामान आपल्या कामाचं आहे आणि त्याचं कारण मरळ. बास जसा गवतात दबा धरून बसतो तशीच मरळ बसते. पाणवेलींच्या कडेला, बुडालेल्या बाभळीखाली, गुडघाभर पाण्यात. वरून बेडूक पोहत गेला की खालून झडप घालते आणि परत गवतात घुसते. म्हणून बाससाठी बनवलेला रॉड, मजबूत विणलेली दोरी आणि रबरी बेडूक हे तिन्ही मरळीला जसंच्या तसं चालतं. व्हिडिओतली होडी मात्र इथे चालत नाही. ती का, ते पुढे येईलच.

आधी पाणी आणि मासा ठरवा

दुकानात जाण्याआधी कुठे आणि कशासाठी जाणार ते ठरवा. जिल्ह्यात पाणी तीन तऱ्हेचं आहे. पहिलं उजनी. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि त्याची क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. फुगवटा करमाळा, माढा, इंदापूर, पार भिगवणपर्यंत पसरलेला. दुसरं जुने तलाव आणि छोटी धरणं. हिप्परग्याचा एकरुख तलाव, अक्कलकोट तालुक्यातलं बोरी नदीवरचं कुरनूर धरण, करमाळ्याकडचा मांगी तलाव. तिसरं नदीपात्र, म्हणजे भीमा, सीना आणि त्यांच्यावरचे बंधारे.

मरळीसाठी दुसऱ्या तऱ्हेचं पाणी सगळ्यात चांगलं. उथळ, कडेला गवत, वाऱ्याला आडोसा. उजनीत रोहू, कटला, चिलापी, शिवडा, वाम असं सगळं मिळतं, पण पाणी अफाट आहे. नवख्याला ते कळत नाही आणि दिवस वाया जातो. नदीपात्रात दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत. घोट्याएवढ्या पाण्यातून चालताना पुढचं पाऊल डोक्याइतक्या खोलीत जाऊ शकतं. आणि उजनीतून पाणी नदीत सोडतात तेव्हा पात्र बघता बघता भरतं. भीमेत उतरणार असाल तर पाणी सुटलंय का हे त्या आठवड्याच्या बातम्यांत पाहूनच जा.

मरळ हवेतला श्वास घेते, हे तुमच्या कामाचं. दर थोड्या वेळाने ती पृष्ठभागावर येते, ‘चप्’ असा आवाज येतो आणि एक गोल वलय उठतं. नवीन तलावावर गेलात की पहिला अर्धा तास गळ बाहेर काढू नका. बसा आणि अशी वलयं कुठे उठतात ते पाहा. जिथे दोन-तीनदा उठली तिथे मासा आहे. उन्हाळ्यात पाणी आटून गवताची कड उघडी पडते तेव्हा पहाटे आणि सूर्यास्ताला हे सगळ्यात सोपं जातं. थंडीत मरळ सुस्त असते.

पावसाळ्यात पृष्ठभागावर लालसर-केशरी पिल्लांचा गुच्छ फिरताना दिसेल. त्याखाली आई-बाप राखण करत असतात आणि जवळून जे जाईल त्यावर तुटून पडतात, त्यामुळे ती सहज गळाला लागतात. तसं करू नका. राखण गेली की तो सगळा गुच्छ बघता बघता इतर माशांच्या पोटात जातो.

परवानगी

आपल्याकडचे बहुतेक तलाव मासेमारीसाठी मत्स्य सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. पाणी सरकारचं असलं तरी त्यातला मासा त्या संस्थेने पैसे मोजून घेतलेला असतो, बोटुकली म्हणजे माशांची पिल्लं सोडलेली असतात. म्हणून काठावरच्या भोई मंडळींना विचारा, संस्थेचा माणूस कोण ते शोधा, त्याला सांगून बसा. पकडून सोडणार असाल तर तेही स्पष्ट सांगा. बऱ्याच ठिकाणी हसून परवानगी मिळते, कुठे थोडे पैसे मागतात, कुठे नाही म्हणतात. नाही म्हटलं तर तो विषय संपला. धरणाच्या पाण्यात होडी घालायची तर जलसंपदा विभागाच्या तिथल्या कार्यालयात आधी विचारायला हवं. सिद्धेश्वर तलाव देवळाचा आहे, तिथे गळ पिशवीतूनच काढू नये.

रॉड, रीळ, दोरी

दुकानदार पहिल्यांदा विचारतो ‘बजेट किती?’ तुम्ही त्याला विचारा, ‘एमएच आहे का?’ प्रत्येक रॉडच्या बुडाशी बारीक अक्षरांत तीन गोष्टी लिहिलेल्या असतात. लांबी, ताकद आणि किती ग्रॅमचं आमिष फेकता येईल ते. मरळीसाठी साडेसहा ते सात फूट लांबी, मीडियम हेवी म्हणजेच एमएच ताकद, आणि साधारण १० ते ३० ग्रॅमचं आमिष एवढं जुळलं की पुढे बघा. त्याहून नाजूक रॉड घेतला तर मरळ गवतात शिरल्यावर तिला बाहेर ओढता येत नाही. त्याहून जाडजूड घेतला तर दहा ग्रॅमचा बेडूक वीस पावलांपलीकडे जात नाही.

दोन तुकड्यांचा रॉड घ्या. एसटीतून, दुचाकीवरून न्यायचा असतो, एकसंध सात फूट कुठे ठेवणार? मासा अडकल्यावर जिथून दोरी सरकते त्या कड्या रॉड घेण्याआधी तपासा. प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. कुठे तंतू अडकला तर तिथे चीर आहे आणि ती चीर तुमची दोरी कापणार. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

रीळ सुरुवातीला स्पिनिंगचंच, म्हणजे रॉडच्या खालच्या बाजूला लटकणारं घ्या, ३००० किंवा ४००० आकाराचं. वरून चालवायचं बेटकास्टिंग रीळ व्हिडिओत फार देखणं दिसतं आणि सरावलेल्या हातात ते नेमकं फेकतं हेही खरं. पण हलका बेडूक, समोरून वारा आणि अंगठ्याचा अंदाज नाही, एवढं जुळून आलं की दोरीचा असा गुंता होतो की कात्रीशिवाय सुटत नाही. सोलापूरचा वारा नवख्याला त्या रिळावर शिकू देत नाही, हे माझं ठाम मत आहे. रीळ घेताना दांडी उलट फिरवून पाहा. किंचितही मागे गेली तर दुसरं दाखवायला सांगा.

दोरीवर खर्च करा. तंगूस म्हणजे एकेरी नायलॉन दोरा स्वस्त असतो आणि रोहू-कटल्यासाठी तोच बरा, कारण तो ताणला जातो आणि माशाचा झटका सोसतो. मरळीसाठी तो कुचकामी. बेडूक वीस मीटरवर असताना तुम्ही रॉड झटकता, तंगूस रबरासारखा लांबतो आणि गळ माशाच्या टणक जबड्यात रुततच नाही. तिथे विणलेली दोरी हवी, ३० ते ५० पौंडांचा ताण सोसणारी. ती ताणली जात नाही, गवताचे देठ कापत येते आणि जाडीला कमी असल्यामुळे लांब जाते.

ही दोरी नुसत्या रिळावर गुंडाळली तर घसरते, पूर्ण गोळाच फिरत राहतो. म्हणून खाली तंगूसचे दहा-पंधरा वेढे द्या, त्यावर विणलेली दोरी बांधा. रीळ काठोकाठ भरू नका, कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली ठेवा. जास्त भरली तर फेकताना एकदम चार वेढे सुटतात, कमी भरली तर दोरी कडेला घासून बेडूक लवकर पडतो.

रिळाचा ब्रेक, ज्याला सगळे ड्रॅग म्हणतात, अंदाजाने घट्ट करू नका. प्रवासाची बॅग मोजायचा छोटा वजनकाटा दोरीला अडकवा, रॉड नेहमीसारखा धरून ओढा आणि तीन ते चार किलोंवर दोरी सुटू लागेल असं ठेवा. गवत फार दाट असेल तर थोडं अजून. घरी परतल्यावर ब्रेक सैल करून ठेवा, नाहीतर आतले वॉशर दबून बसतात.

गाठी दोनच शिका. विणलेल्या दोरीला पालोमर आणि बाकी सगळ्याला युनी. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली तर घर्षणाने दोरी तिथेच कमजोर होते. दूरदर्शन बघत सोफ्यावर बसून पन्नासदा बांधा. अंधारात, घामाने ओल्या बोटांनी जमली की झालं.

बेडूक आणि बाकीचं आमिष

मरळीला पकडण्याची जुनी रीत म्हणजे जिवंत बेडूक गळाला लावणं. ती सोडा. बेडकांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, आणि एवढं करून रबरी बेडूक कामाला कमी पडतो असंही नाही. पोकळ अंगाचा, पाठीवर दोन वळलेले गळ अंगाला चिकटून असलेला, ८ ते १५ ग्रॅमचा घ्या. तो गवतावरून सरकतो पण अडकत नाही, कारण गळांची टोकं पाठीवर असतात आणि माशाने दाबल्यावरच उघडी पडतात. विकत घेताना बोटांनी दाबून पाहा. कडक असेल तर ठेवून द्या. गळाचं टोक नखावर घासून पाहा, घसरलं तर कानशीने धार लावा.

रंगावरून लोक तासन्‌तास भांडतात. गढूळ पाण्यात काळा, स्वच्छ पाण्यात हिरवा-तपकिरी, एवढं पुरे. मरळ खालून बघते, तिला बहुतेक वेळा सावलीच दिसते.

फेकल्यावर लगेच ओढू नका. वलयं विरू द्या, मग रॉडच्या शेंड्याला छोटे झटके देत बेडूक पुढे आणा, मध्ये थांबा. पाणी फुटलं, बेडूक गायब झाला की हात आपोआप झटका देतो आणि तिथेच नव्वद टक्के नवखे मासा घालवतात. एक-दोन आकडे मोजा, दोरी ताणली गेल्याची जाणीव होऊ द्या आणि मग रॉड जोरात वर.

कटला आणि चिलापीचं गणित वेगळं आहे. बारीक गळ, शिशाची एक गोळी, तरंगता बुचाचा तुकडा आणि कणकेचा गोळा किंवा गांडूळ. गळाचे आकडे उलटे चालतात हे लक्षात ठेवा. १० नंबर ८ पेक्षा बारीक. १ नंतर मात्र १/०, २/० असे मोठे होत जातात. चिलापीला ८ ते १० नंबर. मुलांना शिकवायचं असेल तर इथूनच सुरुवात करा, चिलापी कुणालाही निराश करत नाही.

पिशवीत लांब तोंडाची पकड, बारीक कात्री, ओला टॉवेल, टोपी आणि जुने बूट हवेत. चप्पल घालून गवतात शिरू नका, सोलापूरच्या माळाला घोणस नवी नाही. मरळ अंगाने निसटती आणि दातांची, म्हणून तोंडात बोट घालू नका, पकड वापरा. तुटलेली दोरी कधीच काठावर टाकू नका. थंडीत उजनीवर रोहित म्हणजे फ्लेमिंगो आणि इतर हजारो पक्षी उतरतात, त्यांच्या पायात ती अडकली तर पाय कापला जाईपर्यंत निघत नाही. कासव लागलं तर त्याला पाण्याजवळ ठेवून तोंडाशी जितकी जवळ जमेल तितकी दोरी कापा आणि सोडा. कासवंही कायद्याने संरक्षित आहेत. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कुणी तसं करताना दिसलं तर त्याच्या नादाला न लागता संस्थेला कळवा.

एक हंगाम काठावरच

होडी लगेच घेऊ नका. मरळ काठालाच असते. होडीत बसून आपण जिकडे फेकतो ती जागाही काठच, फरक एवढाच की पाण्याच्या बाजूने. एक पूर्ण उन्हाळा काठावर चालत काढला की तलावाचा तळ, गवत, वाऱ्याची वेळ सगळं अंगात भिनतं आणि मग होडी कशाला हवी हे तुमचं तुम्हालाच कळतं. कित्येकांना ती लागतच नाही.

होडी कोणती

अमेरिकेतली बासची होडी म्हणजे सपाट, चकचकीत, पाठीला मोठं इंजिन, दोन खुर्च्या. ती ट्रेलरवरून नेतात आणि तिथे बऱ्याच तळ्यांना उताराचा धक्का बांधलेला असतो. आपल्याकडे धक्का म्हणजे गाळ, दगड आणि वेडी बाभूळ. म्हणून पहिला प्रश्न पाण्यावर कशी चालेल हा नाही, तर दोघांना उचलून काठापर्यंत नेता येईल का, हा.

हवा भरायची होडी स्वस्त, डिकीत मावते आणि बहुतेक जण हीच घेतात. मला ती सोलापूरसाठी पसंत नाही. वेड्या बाभळीचा काटा रबर काय, ट्रॅक्टरचं टायर फोडतो, आणि तो काठच्या चिखलात लपलेला असतो. घेतलीच तर एकाहून जास्त वेगळे हवेचे कप्पे असलेलीच घ्या, पाण्यापाशी नेऊनच फुगवा आणि मे महिन्यात काठावर उन्हात ठेवून जेवायला बसू नका. आतली हवा तापून फुगते आणि शिवणी उसवतात. ट्रकची ट्यूब किंवा थर्माकोलचा तराफा घेऊन भोई मंडळी आरामात जाळी टाकताना दिसतात, पण त्यांचं आयुष्य पाण्यात गेलेलं असतं. ते बघून आपण तसं करायला जाऊ नये.

एकट्यासाठी मी प्लास्टिकची वर बसायची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालणारी छोटी निमुळती होडी सुचवेन. १० ते ११ फूट लांब आणि ३३ इंचांपेक्षा जास्त रुंद. रुंदीवर तडजोड करू नका. अरुंद कयाक वेगाने जाते, पण बेडूक फेकायला अंग वळवलं की कलंडते. वर बसायच्या कयाकमध्ये पाणी आपोआप खालच्या भोकांतून निघून जातं आणि उलटली तरी ती बुडत नाही, तिच्यावर परत चढता येतं. आत पाय घालून बसायची कयाक नवख्याने घेऊ नये. वजन साधारण ३० किलो असतं, दोघांनी कारच्या कॅरिअरवर सहज जातं. पुढचं आणि मागचं टोक दोन्ही गाडीला बांधा, नुसता मधला पट्टा पुणे हायवेवरच्या वाऱ्याला पुरत नाही.

दोघांसाठी सपाट तळाची, १२ फूट लांब आणि किमान चार फूट रुंद होडी. फायबरची मिळते. काही जण इथल्याच वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची करून घेतात. पत्र्याच्या होडीत एक धोका आहे जो बनवणाऱ्यालाही माहीत नसतो. पाणी भरलं की ती दगडासारखी तळाशी जाते. सीटांखाली बंद हवेचे डबे वेल्ड करून घ्या किंवा थर्माकोलचे ठोकळे घट्ट बसवा. हिशेब सोपा आहे. पाण्याखाली असलेली एक लिटर बंद हवा सुमारे एक किलो तोलते. म्हणजे होडी, इंजिन आणि सामान मिळून १५० किलो पाण्याखाली जात असेल तर दीडशे लिटरपेक्षा बरीच जास्त हवा हवी. घेण्याआधी किंवा पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम पाण्याने भरा. तरंगली तरच पुढे जा. विकणारा ही चाचणी करू देत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

होडीवर किती वजन चालेल हे लिहिलेलं असतं. त्याच्या दोन तृतीयांशच धरा. तुम्ही, तुमचा मित्र, बर्फाची पेटी, पाण्याचे कॅन, जेवणाचा डबा सगळं त्यात येतं. डब्यासाठी कडक भाकरी आणि शेंगा चटणी घ्या, उन्हात दिवसभर टिकते आणि हात तेलकट होत नाहीत.

वारा

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हे वाचा. उजनीत २१ मे २०२४ ला कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये जाणारी प्रवासी होडी सुटलेल्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्या दोन गावांतले लोक वर्षानुवर्षं तसे पलीकडे जातात. त्यांना पाणी माहीत नव्हतं असं नाही.

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी पाणी आरशासारखं असतं. दुपारनंतर जमीन तापते, पश्चिमेला काळे ढग जमतात आणि वळीव काही मिनिटांत येऊन ठेपतो. वाऱ्याला मोकळं पाणी जितकं लांब मिळेल तितकी लाट मोठी होते. म्हणून तोच वारा हिप्परग्यावर नुसता त्रास देतो आणि उजनीच्या मधोमध होडी उलटवतो. नियम साधा ठेवा. छोटी होडी उजनीच्या मुख्य पाण्यात न्यायचीच नाही, फुगवट्याच्या फाट्यांत काठापासून पोहता येईल एवढ्याच अंतरावर राहायचं. उन्हाळ्यात दुपारी बाराच्या आत काठावर यायचं. आभाळ काळवंडलं किंवा थंड हवेचा झोत अंगावर आला की मासा लागला असला तरी दोरी कापून निघायचं. वाऱ्याच्या दिशेने सुरुवात करू नका. आधी वाऱ्याच्या विरुद्ध वल्हवत जा म्हणजे थकल्यावर तोच वारा घरी आणतो.

लाइफ जॅकेट अंगात, होडीत पडलेलं नव्हे. लेबलवर ‘न्यूटन’ लिहिलेलं असतं. चांगलं पोहता येणाऱ्याला ५०, न येणाऱ्याला १०० किंवा त्याहून जास्त. मांड्यांतून जाणारा पट्टा नसेल तर पाण्यात पडल्यावर ते कानावर चढतं. पट्टा लावा, मित्राला खांद्यांना धरून वर उचलायला सांगा. हनुवटीवर सरकलं तर ढिलं आहे.

नांगर तीन किलोंचा घडीचा पुरतो, दोरी खोलीच्या किमान तिप्पट. नांगर कायम पुढच्या टोकाला बांधायचा. कडेला किंवा मागे बांधलात आणि वारा आला की होडी त्याच बाजूला दबते आणि पाणी आत येतं. उजनीच्या तळाशी बुडालेली गावं आहेत, विहिरी, भिंती, बाभळी. पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, हे तर इंदापूरकडच्या लोकांनी पाहिलेलं आहे. नांगर त्यात अडकणारच, म्हणून चाकू हाताशी ठेवा आणि नांगरावर माया करू नका. प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीने तरंगताना दिसले तर ती कुणाची तरी जाळी आहे. वळसा घाला.

मोटर बसवायचा मोह दुसऱ्या वर्षापर्यंत आवरा. बॅटरीवरची १२ व्होल्टची छोटी मोटर शांत असते, पण साधी बॅटरीच वीसेक किलोंची आणि ती मागच्या टोकाला बसते, त्यामुळे छोटी होडी मागे बुडते. शिवाय यंत्रावर चालणाऱ्या होडीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणीचा प्रश्न येतो. वल्ही हातात असतात आणि बिघडत नाहीत.

पहिला दिवस पाण्यावर

पहिल्या दिवशी मासेमारी करायची नाही. रॉड घरी ठेवा. छातीएवढ्या पाण्यात जॅकेट घालून मुद्दाम होडीतून खाली पडा आणि परत चढा. कयाकवर चढताना पोटावर आडवं व्हायचं, पाय मागे मारायचे, मग फिरून बसायचं. एकट्याने दोन-तीनदा जमलं नाही तर अजून होडी घेऊन लांब जाऊ नका. त्यानंतर उभं राहून फेकण्याचा प्रयत्न करा आणि कळेल की बसून फेकलेलं बरं.

निघताना घरी कुणाला तरी जागा आणि परतायची वेळ सांगा. फोन पाणी न जाणाऱ्या पिशवीत, शिट्टी जॅकेटला बांधलेली, माणशी निदान तीन लिटर पाणी. सोलापूरचा मे महिना पाण्यावर बसून दुप्पट भाजतो, खालूनही ऊन परावर्तित होतं.

परतल्यावर होडी उलटी करून पूर्ण सुकू द्या. जलपर्णीचा एक तुकडा भोकांत अडकून हिप्परग्याहून कुरनूरला गेला तर तिथल्या भोई मंडळींना पुढची दहा वर्षं तो काढत बसावा लागेल. रीळ गोड्या पाण्याने धुऊन सावलीत ठेवा, रबरी बेडकातलं पाणी पिळून काढा आणि त्याचे गळ पुसून किंचित तेलाचा हात फिरवा. गंजलेला गळ पुढच्या वेळी मरळ तोंडात असतानाच तुटतो.